खालून बघणारे गमरेकाका

भाड्याची खोली बघायला आलेला माणूस आधी खोलीत जातो. गमरेकाका आधी जिन्याखाली गेले.

आमच्या घराचा जिना बाहेरून आहे. त्याच्या खाली जळणाची लाकडं, एक गळका ड्रम आणि कोंबड्यांचं खुराडं असायचं. गमरेकाकांनी खांद्यावरची पिशवी उतरवली, तिच्यातून वर्तमानपत्र काढून जमिनीवर अंथरलं, आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट त्यावर उताणे झोपून सरकत सरकत ते आत गेले. बाबा हातात किल्ली धरून उभे, आई दारात उभी, आणि कोंबड्या ओरडत बाहेर. आत बॅटरीचा उजेड इकडून तिकडे फिरताना दिसत होता.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "चौथ्या पायरीखाली भेग आहे, शेठ."

"भेग कशी असंल?" बाबा म्हणाले. "घर नवीन हाय. दोन वर्सं पन नाय झाली."

"नवीन आहे ते वरून दिसतं. खालून बघितलं का?"

तो जिना माझ्या सख्ख्या मामाने बांधला होता. मामा गवंडी. आईने तोंड फिरवलं. बाबा जरा चढ्या आवाजात म्हणाले, "तुमाला खोली पायजे का जिना पायजे?"

"खोलीत जिन्यावरूनच जायचं आहे ना," असं म्हणत गमरेकाका बाहेर आले. डोक्याला कोंबडीचं पीस चिकटलेलं. "प्लास्टरची भेग आहे. आतल्या काँक्रीटची नाही. घेतो खोली."

खोली त्यांनी त्या दिवशी बघितलीच नाही.

मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आत्ता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण विमानाच्या शास्त्रातलं मला फारसं कळत नाही. जे लिहिते आहे ते गमरेकाकांनी जिन्यावर बसून समजावलेलं आहे. काही चुकलं असेल तर ती चूक माझ्या समजण्यातली धरावी.

आम्ही वाशीगावातले. आमची भातशेती नव्या शहरात गेली आणि बाबांनी घरावर दोन खोल्या चढवल्या. त्यांतल्या एका खोलीत गमरेकाका आले. मूळचे खेडकडचे. मुंबईला एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्तीला उभी करतात त्या मोठ्या शेडमध्ये, इन्स्पेक्टर. 'इन्स्पेक्टर' ऐकून गावात आधी सगळ्यांना ते पोलिसातले वाटले. दोन दिवस आमच्या दारावरून जाणारी माणसंसुद्धा हळू आवाजात बोलायची.

मग कळलं की ते विमानं तपासतात. सगळं विमान नाही. पंखाखाली इंजिन लटकलेलं असतं, ते ज्या धातूच्या आधाराने पंखाला धरलेलं असतं तो आधार. त्याला ते 'माउंट' म्हणतात. विमान जुनं झालं, हजारो वेळा चढलं-उतरलं, की त्या आधारात केसाएवढी भेग पडू शकते. ती भेग शोधायची, हे गमरेकाकांचं काम. भेग नसेल तर कागदावर सही करायची, शेजारी आपल्या नंबरचा शिक्का मारायचा, आणि मग विमान उडणार. गेली कित्येक वर्षं ते रोज उताणे झोपून, हातात बॅटरी आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा आरसा घेऊन, इंजिनाच्या वर कुठेतरी बघत होते.

"काका, तुम्ही विमानात बसलात का कधी?" मी एकदा विचारलं.

"रोज असतो की. उडत नाही एवढंच."

माणूस जे काम करतो ते तो घरी आणतो, हे मी बाबांमध्ये बघितलं होतं. ते कारखान्यात भोंग्याच्या वेळेवर काम करायचे आणि घरीही बाराच्या ठोक्याला जेवायला बसायचे. पण गमरेकाकांनी आणलं तेवढं कोणी आणलं नसेल. पहिल्याच रविवारी त्यांनी पेन्सिल घेऊन चौथ्या पायरीखालच्या भेगेच्या दोन्ही टोकांना आडव्या खुणा केल्या आणि शेजारी तारीख लिहिली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा खाली गेले, बघितलं, आणि पुन्हा तारीख.

"भेग असणं हा गुन्हा नाही," ते मला म्हणाले. "वाढणं हा गुन्हा आहे."

मग हळूहळू घरभर पेन्सिलच्या खुणा दिसायला लागल्या. झोपाळ्याच्या कडीवर. पाण्याच्या टाकीवर. आमच्या घरच्या काशाच्या वाटीवर. आईने एकदा चिडून वाटी घासून खूण काढली, तर दुसऱ्या दिवशी काका अगदी हिरमुसले. "वहिनी, आता मला पहिल्यापासून सुरुवात करायला लागणार," म्हणाले.

गावातल्या लोकांनी आधी चेष्टा केली. नंतर गुपचूप वस्तू घेऊन यायला लागले. कोणी सायकलचा चिमटा, कोणी होडीचं वल्हं. गावच्या क्रिकेट टीमने मॅचच्या आदल्या दिवशी बॅट आणली. काकांनी ती भिंगाखाली धरून दहा मिनिटं बघितली आणि म्हणाले, "ही उद्या तुटेल." टीमने ती बॅट समोरच्या टीमला उसनी दिली. ती तुटली नाही. त्या बॅटने समोरच्यांनी मॅच जिंकली. त्यावरून काकांना गावात वर्षभर ऐकून घ्यावं लागलं, पण ते शांतपणे म्हणत, "उद्या म्हणजे पुढे कधीतरी. भेग आहेच तिच्यात."

कंपनीच्या बसने ते मुंबईला जायचे. बस खाडीपुलावर आली की ते बोलायचे थांबायचे. पुलाच्या दोन तुकड्यांमधल्या सांध्यावरून चाक गेलं की होणारा आवाज ते मोजायचे. एकदा त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, की सतराव्या सांध्याचा आवाज आज बदलला आहे. पुढे आठ दिवस सगळी बस पूल आला की गप्प बसून मोजायला लागली. शेवटी कळलं की तो आवाज एका माणसाच्या डब्यातल्या चमच्याचा होता. काकांना त्यात काही लाजण्यासारखं वाटलं नाही. "चमच्याचा होता हे तपासल्यावर कळलं ना?" ते म्हणाले.

आमच्या आजीचं आणि त्यांचं पहिल्या वर्षी जमलं नव्हतं. काका बौद्ध. त्यांच्या खोलीत बुद्धाची तसबीर, आणि दुसरं काहीच भिंतीवर नाही. ते कोणी दिसलं की चहाला बोलवायचे. आजी जायची नाही. "गुडघं दुकतात, जिना चढवत नाय," म्हणायची. त्याच आठवड्यात ती कलिंगडं घेऊन तुर्भ्याच्या बाजाराला चालत गेली होती. काकांना हे कळत असावं. ते एवढंच म्हणाले, "आजींचे गुडघे एकदा बघायला पाहिजेत." दुसऱ्या वर्षी आजी एक दिवस आपणहून वर गेली आणि कप पुढे करून म्हणाली, "दे. साकर कमी घाल." तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

त्याच दिवशी आजीच्या हातातल्या कपाकडे बघून काका अस्वस्थ झाले. कप काढून घेतला, चहा दुसऱ्यात ओतला, आणि म्हणाले, "कॉलेज, इकडे ये. तुला आमचं काम दाखवतो." मला ते 'कॉलेज' म्हणूनच हाक मारतात. मी तेव्हा बारावीत होते, पण ते आगाऊच म्हणत.

त्यांनी कप धुऊन पुसला. एका बाटलीतला पातळ लाल रंग त्याला लावला. मग आम्ही थांबलो. "घाई करायची नाही. रंगाला आत जायला वेळ द्यायचा." मग त्यांनी फडक्याने रंग पुसून टाकला. कप स्वच्छ. त्यावर पांढऱ्या पावडरीचा हलका थर दिला. आम्ही बघत राहिलो. आणि त्या पांढऱ्यावर हळूहळू एक बारीक लाल रेष उमटली, कडेपासून बुडापर्यंत. जो रंग भेगेत शिरून बसला होता, तो बाहेर आला होता.

आजी म्हणाली, "मंजी इमानाला कुकू लावतोस की."

"कुंकू नाही, आजी. रंग आहे. कुंकवाला भेग कळत नाही."

"लाल तं लालच," आजी म्हणाली.

या सगळ्यात माझा दादा त्यांच्या सर्वांत जवळचा. दादा दिघ्याला एका कारखान्यात वेल्डर होता. संध्याकाळी दोघं चौथ्या पायरीवर चहा घेऊन बसायचे. दादा आपल्या वेल्डिंगचे तुकडे दाखवायला आणायचा, आणि काका ते भिंगाखाली धरून दादाची लाज काढायचे.

"याला वेल्डिंग म्हणतोस? हे तर भाताच्या शिताने चिकटवलंय."

"काका, सुपरवायजर पास करतो हे."

"सुपरवायजरने खालून बघितलं का?"

दादा हसायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा तुकडा आणायचा. गल्फमधल्या नोकरीसाठी मुंबईला वेल्डरची परीक्षा झाली, तेव्हा आमच्या भागातून गेलेल्या अकरा जणांत दादा एकटा पास झाला. परीक्षा घेणाऱ्याने त्याचा जोड उलटा करून बघितला होता. दादाने घरी येऊन पेढा आधी वर नेला, देवापुढे नंतर ठेवला. आईला ते आवडलं नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतलं, ते सांगते.

एजंटने दादाला बजावलं होतं, शनिवारपर्यंत तिकडे हजर व्हायचं. नाही झालं तर यादीतला पुढचा माणूस जाणार. विमान शुक्रवारी दुपारी चारचं. आमच्या घरात कोणी विमानाच्या जवळ गेलेलं नव्हतं, त्यामुळे त्या आठवड्यात घरात धड कोणी जेवलं नाही. बाबा सगळ्यांना विमानाची वेळ सांगत फिरत होते. ही नोकरी गेली असती तर दादा दिघ्याला परत जाऊ शकला नसता, तिथला राजीनामा त्याने दिला होता.

मंगळवारी आजी जिना चढून काकांकडे गेली. मी पाठोपाठ होते. तिने कमरेची पुडी काढली. देवीच्या डोंगरावरून आणलेलं कुंकू, तेलात कालवलेलं.

"त्या इमानात माजा नातू बसनार हाय. हे त्याला लाव."

काका गडबडले. "आजी, आम्ही कुंकवाची माणसं नाही."

"तू नको लावू सवताला. इमानाला लाव."

"विमानाला तर अजिबात नाही. बाहेरची कुठलीच वस्तू लावायची परवानगी नसते. दसऱ्याला बाकीचे हार घालतात, ते पण मी काढायला लावतो."

आजीने वाद घातला नाही. पुडी त्यांच्या स्टुलावर ठेवली आणि खाली आली. दुसऱ्या दिवशी मी वर गेले तेव्हा पुडी तिथे नव्हती. टाकली असणार, असं मला वाटलं. मी आजीला काही सांगितलं नाही.

शुक्रवारी आम्ही एका टेम्पोतून पंधरा जण विमानतळावर गेलो. आजीने निघताना दादाच्या हातावर दही ठेवलं. दादाच्या गळ्यात तीन हार. बाबांनी नारळ फोडायला विमानतळाचा दगड बघून ठेवला, पण तिथल्या शिपायाने हाकललं. दादा आत गेला. चार वाजले, पाच वाजले. मग कोणीतरी येऊन सांगितलं, तांत्रिक कारणामुळे विमान आज जाणार नाही.

बाबा चौकशी करत फिरले. शेवटी सामान चढवणारा एक कामगार भेटला, तो बोलका होता.

"एक इन्स्पेक्टर सही करत नाय. साहेब लोकं दुपारपासून त्याच्या मागे लागलीयत."

"नाव काय त्याचं?" बाबांनी विचारलं.

"गमरे म्हणून आहे एक. तो एकदा खाली झोपला की उठत नाय."

बाबांनी परत येऊन टेम्पोतल्या लोकांना सांगितलं. मागून माझी चुलती म्हणाली, "आपला भाडेकरू?" आणि टेम्पो निघाला. दादाला उद्या परत या म्हणून सोडलं होतं. तो हारांसकट आमच्याबरोबर टेम्पोत बसला होता. त्याला बघून गावातले लोक 'आला पन?' म्हणायला लागले.

घरी आल्यावर नवीनच अडचण. दही हातावर ठेवून निरोप दिलेला माणूस त्याच दिवशी उंबरा ओलांडून आत कसा घ्यायचा? आजी दारातच उभी राहिली. आत येऊ देईना. बरीच चर्चा झाली. शेवटी आजीनेच तोड काढली. वरच्या खोलीचा जिना वेगळा, दार वेगळं, उंबरा वेगळा. काकांची एक किल्ली आमच्याकडे असायची. ज्या माणसाने विमान अडवलं त्याच्याच खाटेवर दादा त्या रात्री झोपला. काका हँगरवरच होते.

सकाळी दादा जिन्यावरून म्हणाला, "खाटेच्या चारी पायांवर पेन्सिलच्या खुना हायत." कोणी हसलं नाही.

शनिवारी दुपारी काका आले. शर्ट मळलेला, बोटं लाल, डोळे तारवटलेले. ते सरळ बाबांसमोर येऊन उभे राहिले.

"शेठ, विमान संध्याकाळी जाईल. पोराला घेऊन निघा."

"भेग व्हती?"

"नव्हती. पान्याचा ओरखडा होता. दुसऱ्या विभागाची मशीन आज सकाळी आली, त्यावर बघितलं."

"म्हंजे उगीच अडवलं?"

"हो. उगीच."

"मग काल सही का नाय केली?"

"काल मला माहीत नव्हतं."

बाबा म्हणाले, "त्याची नोकरी गेली तर महिनाअखेर खोली खाली करा." मग जरा थांबून, "नाय गेली तरी करा."

"बरं," काका म्हणाले आणि जिना चढून गेले. प्रत्येक पायरीवर थांबत, जसे ते नेहमी चढतात.

संध्याकाळी दादा गेला. या वेळी टेम्पोत चौघंच होतो. हार आदल्या दिवशीचेच.

पुढचे अकरा दिवस घरात कोणी वर बघितलं नाही. बाबांनी खोली बघायला दोन माणसं आणली. ती दोन्ही माणसं जिन्याखाली गेली नाहीत, सरळ वर गेली. अकराव्या दिवशी दादाची तार आली, कामावर घेतलं म्हणून. त्या विमानात त्याच एजंटचे वीस-बावीस जण होते, सगळेच एक दिवस उशिरा पोचले, मग कंपनीने सगळ्यांनाच घेतलं. आई रडली. बाबा तार घेऊन गावभर फिरून आले. पण काकांना दिलेला शब्द त्यांनी मागे घेतला नाही. आता कोणत्या तोंडाने घ्यावा, हे त्यांना समजत नसावं.

त्याच संध्याकाळी काकांनी मला वरून हाक मारली. "कॉलेज, वेळ आहे का? इंग्रजीचं काम आहे."

मी गेले. खोलीत बांधाबांध सुरू झाली होती, म्हणजे एक ट्रंक उघडी होती. त्यांच्याकडे बांधायला फारसं काही नव्हतं. एक ताट, दोन कप, एक स्टोव्ह. बायको ते आमच्याकडे येण्याआधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांनी माझ्या हातात कंपनीचा कागद दिला. मेमो होता. मी अडखळत वाचला. इंजिनाच्या माउंटवर बाहेरचा पदार्थ का लावला, याचा लेखी खुलासा सात दिवसांत द्यावा.

मला आधी कळलंच नाही. "कोणी लावला, काका?"

"मी."

ते खाटेवर बसले आणि जसं घडलं तसं सांगितलं. मी त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"शुक्रवारी तुझा दादा जाणार होता त्या विमानाची बुधवारी तपासणी होती. माझीच. सगळं ठीक निघालं. झाकण बंद करायचं, तेवढ्यात खिशात हात गेला. आजींची पुडी. टाकायला म्हणूनच घेतली होती. मी म्हटलं, आत कोण बघतंय. बोटावर घेतलं, एक टिकली लावली, झाकण बंद केलं. शुक्रवारी सकाळी हुकूम आला, परदेशात कुठेतरी तशाच जुन्या विमानात भेग निघाली आहे, आपली सगळी पुन्हा बघा. झाकण उघडलं. पुसलं, धुतलं, रंग लावला, पुसला, पावडर मारली. तर लाल रेष."

"पण ते कुंकूच असणार ना?"

"साहेबांना मी आपणहून सांगितलं, इथे मी कुंकू लावलं होतं. ते म्हणाले, मग झालं तर, कुंकूच आहे, कर सही. मी म्हटलं, साहेब, मी टिकली गोल लावली होती. हे लांब आहे."

मी हवेत बोटाने आधी गोल काढला, मग रेष.

"कुंकू जर रेषेत बसलं असेल तर तिथे बसायला जागा पाहिजे ना," काका म्हणाले. "ती जागा ओरखड्याची की भेगेची, हे त्या लाल रंगावरून मला कळेना. एरवी कळलं असतं. मीच घाण करून ठेवली होती. तीन वेळा धुऊन बघितलं, तीन वेळा आली. मग मशीन येईपर्यंत थांबलो."

"आणि दादा त्यात होता."

"होता ना. हातात पेन घेऊन दोनदा टेबलापर्यंत गेलो, कॉलेज." ते बोटांवरचा लाल डाग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घासत होते. "जाऊ दे. लिही. मला मेंटेनन्सचं इंग्रजी येतं. कारणांचं येत नाही."

मी लिहायला बसले. तारीख, विमान, झाकण, टिकली, हे सगळं झालं. मग शेवटचा प्रश्न राहिला. का लावलं?

काकांनी उघड्या ट्रंकेचं झाकण लावलं. मग म्हणाले, "लिही, त्या विमानात घरचं माणूस जाणार होतं."

माझं पेन थांबलं. कंपनीच्या कागदावर खोटं कसं लिहायचं, असं मला क्षणभर वाटलं, आणि ते त्यांनाही कळलं असावं. कारण ते घाईने म्हणाले, "नाही, तसं नको. घरमालकाचा मुलगा असं लिही. ते बरोबर आहे. तपासलं तर बरोबर निघेल." मग पुन्हा, जरा हळू, "तो रोज चहाला बसायचा माझ्याबरोबर. ते लिहायची गरज नाही."

मी 'मेंबर ऑफ द फॅमिली' असं लिहिलं. माझं इंग्रजी काही खास नाही, पण तेवढं मला येत होतं.

एरवी ते किराण्याच्या चिठ्ठीवरसुद्धा भिंगातून बघितल्याशिवाय सही करत नाहीत. त्यांनी कागद घेतला, ते वाक्य वाचलं, आणि भिंग न काढता सही केली.

"आजीला सांगू का?" मी विचारलं. "तुम्ही लावलं होतं म्हणून?"

"नको, नको," काका म्हणाले. "पुढच्या वेळी पण देईल."

आजीला मी सांगितलं नाही. बाबांना सांगितलं. ते ओटीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाच विचारलं, "गोल लावलेलं म्हनाला?" आणि उठून आत गेले.

काकांना महिनाभर तपासणीवरून काढलं आणि स्टोअरमध्ये नटबोल्ट वेगळे करायला बसवलं. त्याचं त्यांना फार वाईट वाटल्याचं दिसलं नाही. नटबोल्टही ते उलटे करून बघत असणार. घरी मात्र ट्रंक भरून तयार होती, आणि खोली सोडायला ठरलेला रविवार हा पुढच्या महिन्याचा पहिला रविवार होता.

सकाळी काका नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन खाली आले. शेवटची तारीख लिहून जायचं असं त्यांनी ठरवलं असावं. पण जिन्याखाली आधीच कोणीतरी होतं. कोंबड्या बाहेर, आणि आतून बाबांचे पाय दिसत होते. बाबांनी कारखान्यातली बॅटरी आणली होती.

काका वाकून उभे राहिले.

"वाढली नाय," आतून बाबांचा आवाज आला.

"आरसा घेतलात का?"

"आरसा कशाला? दिसते की सरळ. तुमची खून तितंच हाय."

"दोन्ही टोकं बघा, शेठ. खालून."

"गमरे, मी खालीच झोपलोय," बाबा म्हणाले. "आनि ती ट्रंक रिकामी करा. तिच्यात उंदरं शिरतील. पेन्सिल द्या इकडं."

काकांनी पेन्सिल आत दिली. बाबांनी तारीख लिहिली. बाबांचं अक्षर मोठं आहे, त्यामुळे ती जवळजवळ पाचव्या पायरीपर्यंत गेली.